एका मिनिटाचं नागरिकशास्त्र

एकतीस वर्षं मी असा विषय शिकवला, जो मुलं ऑप्शनला टाकायची. नागरिकशास्त्र. इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखा लावलेला विषय. इतिहासात निदान लढाया तरी असतात, आमच्याकडे पंचायत समिती! बाळकुमच्या शाळेत मला नेमका डबा खाऊन झाल्यानंतरचा तास मिळायचा. 'मूलभूत हक्क' एवढे दोन शब्द फळ्यावर लिहून मी मागे वळले की निम्मा वर्ग डुलक्या घेत असायचा. मी खडू फेकून मारायचे. नेम चांगला होता माझा.

आणि परवा डोंबिवलीत कोथिंबीर घ्यायला गेले तर भाजीवाली माझा आवाज ऐकून माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही त्या फळ्यावाल्या बाई ना? कुलपाचा व्हिडिओ काय भारी होता हो तुमचा!" हातातली जुडी तशीच धरून मी उभी राहिले. एकतीस वर्षांत मला कुणीही म्हणालं नव्हतं की बाई, तुमचा पंचायत समितीचा धडा भारी होता. मला इतका आनंद झाला की भाव न करताच घरी आले.

तर हे माझं निवृत्तीनंतरचं काम. मोबाइलवर एक-एक मिनिटाचे व्हिडिओ करायचे आणि त्यात माणसाला त्याचा एकेक हक्क सांगायचा. माझ्या जोडीला आहेत देसले सर, आमच्याच शाळेचे चित्रकलेचे शिक्षक. शाळेने पांढरे फळे आणले तेव्हा एक जुना काळा फळा भंगारात चालला होता, तो सरांनी टेम्पोत घालून कळव्याला आपल्या घरी आणून ठेवला. वहिनी त्यावर अजून रागावलेल्या आहेत, कारण तो ठेवायला त्यांचं शिलाई मशीन गॅलरीत गेलं. आमचा सगळा स्टुडिओ म्हणजे तो फळा, एक तिपाई आणि तिला रबरबँडने बांधलेला सरांचा फोन. मी बोलते, सर चित्र काढतात. व्हिडिओत दिसतो तो फक्त सरांचा हात.

पहिला व्हिडिओ मी 'नमस्कार विद्यार्थी मित्रांनो' म्हणून सुरू केला. एकूण सत्तावीस वेळा पाहिला गेला, त्यात नऊ वेळा मीच. नंतर कळलं की नमस्कार संपेपर्यंत बघणाऱ्याचा अंगठा वर सरकलेला असतो. या धंद्यात अंगठ्याइतकी भीती कशाचीच नाही. वर्गातलं मूल कंटाळलं तर खिडकीबाहेर बघायचं, पण निदान बाकावर बसलेलं असायचं. इथे मूल बाकासकट गायब! म्हणून पहिल्या तीन सेकंदांत असं काही म्हणावं लागतं की अंगठा थबकला पाहिजे. एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगायची, दुसरी कितीही आठवली तरी गिळायची. खाली अक्षरं द्यायची, कारण निम्मे लोक आवाज बंद करून बघतात. आणि फोन उभा धरायचा. या शेवटच्या गोष्टीवर सरांचा अजून विश्वास बसलेला नाही. "फळा आडवा, माणसाचे डोळे आडवे, आणि चित्र उभं? कुठल्या शहाण्याने ठरवलं हे?" असं ते दर वेळी म्हणतात आणि दर वेळी फोन उभा बांधतात.

आमचा जम बसला तो कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कुलपामुळे. तिथल्या बाजारात बायकांचं स्वच्छतागृह बांधून तयार होतं, पण त्याला कायम कुलूप. भाजी विकणाऱ्या बायका दिवसभर पाणी न पिता बसायच्या. त्यातल्या एकीने आम्हाला कळवलं. आम्ही व्हिडिओ केला. पहिलं वाक्य होतं, 'या कुलपाची किल्ली तुमच्याकडे आहे.' मग माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं, आणि सरांनी तो अर्ज फळ्यावर ओळीने लिहून दाखवला. त्या बायकांनी फळ्यावरून जसाच्या तसा उतरवून दिला, खालच्या सरांच्या वेलबुट्टीसकट! थोड्या दिवसांनी त्यांनी आम्हाला एक फोटो पाठवला. उघडं दार, आणि दारात ओळीने उभ्या सहा बायका, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. तो फोटो बघून मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. सरांनी पेढे आणले. आपल्याला सगळं येतं असं आम्हा दोघांना वाटायला लागलं, आणि तिथेच आमची चूक सुरू झाली.

एका दुपारी फोन आला. "बाई, मी वनिता. वनिता भोईर, धाव्वी ब. ओलखलं नाय ना मना?"

ओळखलं नव्हतं. मग तिनेच आठवण दिली, "तुमी मना खडू मारलेला. हितं, कपालावर."

मग ओळखलं. तिसऱ्या बाकावरची, खिडकीतून बाहेर बघणारी. खिडकीतून तेव्हा तिच्या आजोबांचं भाताचं खाचर दिसायचं. आता त्या जागेवर वीस मजल्यांची संकुलं उभी आहेत, आणि त्यांतल्याच एका इमारतीत वनिता नऊ वर्षं चार घरी स्वयंपाक करते आहे.

"तुमचा तो कुलपाचा व्हिडिओ आमच्या बायकांच्या ग्रुपवर आयला," ती म्हणाली. "मी सांगितलं सगल्यांना, ह्या माझ्या बाई. आता आमच्या लिफ्टचा पन काय तरी करा."

ती सरांच्या घरी आली आणि तिने फोनवर एका पाटीचा फोटो दाखवला. 'घरकाम करणाऱ्या महिला, डिलिव्हरी कर्मचारी व पाळीव प्राणी यांनी सर्व्हिस लिफ्टचाच वापर करावा.' इमारतीला तीन लिफ्ट. दोन रहिवाशांच्या आणि एक ही. त्या एकीतूनच कचऱ्याचे पिंप, कुणाच्या घराचं काम निघालं तर सिमेंटच्या गोण्या, आणि या बायका. गेले आठ दिवस ती लिफ्ट दुरुस्तीला बंद होती. दोन लिफ्ट रिकाम्या वरखाली करत होत्या आणि वनिता रोज जिन्याने चौदाव्या मजल्यावर चढत होती. चाळिशी उलटलेली बाई, गुडघे सुजलेले. चौदाव्या मजल्यावर सबनीस काकू राहतात, एकट्या, एक्याऐंशी वर्षांच्या. वनिता गेली नाही तर त्या उपाशी राहणार.

"चढून झालं की धा मिंटं भिंतीला धरून उभी रावते," वनिता म्हणाली. "मंग बेल मारते. काकूंना धाप दिसाया नको."

ते ऐकून मला राग आवरेना. सरांनी तर खडू हातात घेतलासुद्धा. पण वनिताने एक अट घातली. "तोंड नको हां बाई. चार घरं हायेत माझी. पोरगी बारावीला हाय. नाव नको, आवाज नको, तोंड नको."

मी शब्द दिला. नाव नाही, आवाज नाही, चेहरा नाही. तिचे शब्द मी माझ्या आवाजात वाचणार, आणि सर फळ्यावर एक इमारत, दोन दारं आणि कुणीतरी एक बाई काढणार. कुणीतरी, कुठलीही.

लिफ्टबद्दल संविधानात काही लिहिलेलं नाही, हे मला माहीत होतं. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, दुकानं, कुणालाही जिथे मज्जाव करता येत नाही त्या जागा त्यात आहेत. लिफ्ट नाही, आणि खाजगी सोसायटीचा प्रश्न वेगळा, असं एका ओळखीच्या वकीलबाईंनीही बजावलं. तसं मी व्हिडिओत सरळ सांगितलं. मग म्हटलं, 'ती यादी झाली तेव्हा बाळकुमला ताडापेक्षा उंच काही नव्हतं. पण यादी करणाऱ्यांच्या मनात काय होतं, ते कळायला लिफ्ट लागत नाही.' वनिता समोर स्टुलावर बसून होती. सर फळ्यावर हात चालवत होते, मधूनच तिच्याकडे बघत होते, पुन्हा फळ्याकडे वळत होते. पन्नास सेकंदांत चित्र झालं. जिन्याच्या तळाशी उभी असलेली बाई, एक हात भिंतीला, मान वर. मी म्हटलं, "वा सर! काय जिवंत आलीय हो!"

माझ्या तोंडून 'जिवंत' हा शब्द गेला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

व्हिडिओ असा पळाला की विचारू नका. माझा फोन गरम होऊन बंद पडला. कल्याणहून, मुलुंडहून, कुठून कुठून बायका लिहीत होत्या, 'आमच्याकडे पण अशीच पाटी आहे.' शिव्याही होत्या. 'एवढा पुळका आहे तर तुमच्या घरी ठेवा' वगैरे. डोंबिवलीचे एक निवृत्त आजोबा आमच्या प्रत्येक व्हिडिओखाली शुद्धलेखनाच्या चुका काढतात, त्यांनी या वेळी फक्त 'पटलं' एवढंच लिहिलं. मी तर त्या दिवशी हवेतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वनिताचा फोन. ती गेटवर उभी होती. आजकाल या संकुलांत कामाला येणाऱ्या बायकांचा पास मोबाइलमधल्या अ‍ॅपवर असतो. वॉचमनने नंबर टाकला की हिरवं येतं. आज लाल आलं होतं. वॉचमन बिचारा म्हणत होता, "दीदी, मैं क्या करूँ, ऊपर से ब्लॉक किया है." सोसायटीचे सेक्रेटरी मॉर्निंग वॉकहून परतत होते. त्यांनी तिच्यासमोर फोन धरला आणि विचारलं, "ही तूच ना?"

"बाई," वनिता मला म्हणाली, "मना वाटलं माझा फोटोच लावलाय तुमी."

मी आणि सरांनी व्हिडिओ पुन्हा लावला. आता बघायचं म्हणून बघितलं. बसकं नाक, त्यातली चमकी डाव्या बाजूला. मानेवर उतरलेला अंबाडा. पदर कमरेला खोचायची ती आडवी पद्धत. भिंतीला टेकलेला हात, त्याचं वाकडं मोडून बसलेलं करंगळीचं बोट. नाव, आवाज, चेहरा काही द्यायचं नाही म्हणून आम्ही एवढा बंदोबस्त केला होता, आणि सरांनी पन्नास सेकंदांत सगळी वनिता फळ्यावर उभी केली होती.

"प्रधान बाई, हे मी काढलं?" सर खाली बसले. "मला कळलंच नाही हो."

कळणार कसं? हा माणूस उभा जन्म मुलांना एकच ओरडत आला होता, 'मनातलं काढू नका, समोर दिसतंय ते काढा!' शिकवताना मुलं ऐकत नव्हती, पण त्यांचा स्वतःचा हात मात्र ऐकत आला होता. आणि त्या एका हातावर सगळा दोष टाकून मी मोकळी होऊ शकत नव्हते. शब्द मी दिला होता. अपलोड करण्यापूर्वी तिला एकदा दाखवायचं, एवढी साधी गोष्ट मी केली नव्हती. आमच्या कामातला हा पहिला नियम असायला हवा होता आणि तो मला तेव्हापासून पाळावा लागतो आहे. ज्याची गोष्ट त्याला आधी दाखवल्याशिवाय आता आमच्याकडून काहीही बाहेर पडत नाही. पण हे शहाणपण वनिताच्या चार घरांच्या मोलाने आलं, याची बोचणी अजून जात नाही.

ती दुपारी कळव्याला आली. मी आधीच ठरवून बसले होते. व्हिडिओ पुसायचा, सेक्रेटरींना भेटायचं, माफी मागायची, हिला आत घ्या म्हणायचं.

वनिताने पाणीसुद्धा घेतलं नाही. "पुसू नका," ती म्हणाली. "पुसलं तर जिना चढलेली मी खोटी व्हते."

"अगं, पण तुझी घरं..."

"घरं गेलीच ना? आता तोंड लपवून काय मिलनार?" आणि मग ती जे बोलली ते मी वर्गात कधी शिकवू शकले नव्हते. "बाई, शब्द माझे, आवाज तुमचा, चित्र सरांचा. सगलं माझं, नि मी कुठंच नाय. आता मी बोलते. तुमी फोन धरा."

मी तिला पुन:पुन्हा विचारलं. पोरीला विचारलंस का, नवऱ्याला विचारलंस का, उद्या परत पस्तावशील का. ती शेवटी वैतागली. "बाई, तुमी परीक्षेत पन एवढे प्रश्न नाय विचारलं!"

दुसरा व्हिडिओ आम्ही गेटसमोरच्या रस्त्यावर केला, कारण आत जायला आम्हालाही बंदी. सरांनी फोन धरला. वनिता उभी राहिली. मी सवयीने म्हणणार होते, 'नीट उभी राहा, स्पष्ट बोल.' बोलले नाही, ही माझी त्या दिवसातली एकमेव शहाणी कृती.

"माझा नाव वनिता भोईर," तिने सुरुवात केली. "त्या चित्रातली बाई मीच. हितं माझ्या आजाचं शेत व्हतं. आता मी हितं चपात्या करते, माझी तक्रार नाय. पन चौदा माले चढून..."

आणि तेवढ्यात गेटच्या आतून काठीचा टकटक आवाज आला. सबनीस काकू! सकाळपासून वनिता आली नाही म्हणून त्यांनी वॉचमनकडून सगळं काढून घेतलं होतं. घरातल्या साडीवर, केस विस्कटलेले, एका हातात काठी. आदल्याच दिवशी सुरू झालेल्या सर्व्हिस लिफ्टमधून, कचऱ्याच्या पिंपाशेजारी उभं राहून त्या खाली आल्या होत्या.

"अगं वनिता, उन्हात काय उभी आहेस?" त्या म्हणाल्या. मग फोनकडे वळल्या. "हे चालू आहे का? बरं. मी चौदाशे तीनमध्ये राहते. माझा स्वयंपाक ही करते, मला आंघोळ ही घालते, माझ्या देवाला फुलं हीच वाहते. हे सगळं हिच्या हातचं चालतं, आणि लिफ्ट तेवढी बाटते काय? जोवर ही त्या लिफ्टने येईल तोवर मीही त्याच लिफ्टने जाईन. कचरा दोघींनाही ओळखतो आता."

सर फोन धरून हुंदके देत होते. शेवटची सात सेकंदं चित्र हललेलं आहे, आम्ही ते तसंच ठेवलं. अपलोड करण्यापूर्वी मी वनिताला पूर्ण दाखवलं. तिने दोनदा बघितलं आणि म्हणाली, "काकूंचे केस नीट करायला हवे व्हते. बाकी सोडा."

पुढचे दहा दिवस मी काय जगले ते माझं मला माहीत. वनिताने गेटवर आणलेला डबा घ्यायला काकू खरोखर रोज सर्व्हिस लिफ्टने खाली-वर करत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर नवव्या मजल्यावरचं एक जोडपं आलं. मग शाळेत जाणारी तीन मुलं, मुलांना ती मोठी लिफ्ट म्हणून जास्तच आवडली. मग आणखी कुणी. एक वेळ अशी आली की त्या एका लिफ्टसमोर रांग आणि दोन लिफ्ट रिकाम्या! काकू मला रोज फोन करून क्रिकेटच्या धावांसारखा अहवाल द्यायच्या आणि मी तो लगेच सरांना कळवायचे. शेवटी सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी म्हणाले, प्रश्न स्वच्छतेचा आहे. त्यावर काकूंनी विचारलं, "मग कुत्र्यांची पाटी वेगळी आणि बायकांची वेगळी का नाही केलीत?" आणि वर काठीही आपटली, असं त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्या सांगण्यात थोडं तिखटमीठ असतं, पण पाटी उतरली हे खरं. आता तिथे 'जड सामान व बांधकाम साहित्य' एवढंच आहे. वनिताचा पास हिरवा झाला. मात्र चारातल्या दोन घरांनी तिला परत घेतलं नाही. एका घरी ती नऊ वर्षं होती, तिथल्या मुलाला तिने भरवलेलं होतं. ते आठवलं की माझ्या टाळ्या वाजवायच्या बंद होतात.

ज्या रविवारी पास हिरवा झाला त्याच दुपारी काकूंनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. वनिता आम्हाला घ्यायला खाली आली. तिने बटण दाबलं आणि आम्ही तिघं रहिवाशांच्या लिफ्टमध्ये शिरलो. आत मंद सुवास, पितळी दांडा, आणि समोरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत आरसा. सर्व्हिस लिफ्टला आरसा नाही. वनिता नऊ वर्षं या इमारतीत येत होती आणि हा आरसा तिला माहीतच नव्हता.

लिफ्ट सुरू झाली. सर खाली मान घालून बुटांकडे बघत होते. तिच्या नजरेला नजर द्यायला ते अजून कचरत होते. वनिता आरशाजवळ सरकली. अंबाड्यावरून हात फिरवला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, चमकी बघितली. तिला कसलीच घाई नव्हती.

"सर," ती आरशातच बघत म्हणाली, "नाक बरोबर काडलं व्हतं तुमी."

चौदावा मजला आला. दार उघडलं. वनिता आरशासमोरून हलली नाही. कुणीच बाहेर पडलं नाही, आणि थोड्या वेळाने ते आपोआप मिटलं.